दीक्षाचा चौकोन

…तर कस्तुरा डबा मांडीवर घेऊन दगडावर बसली होती आणि गाडी काही येत नव्हती, इथं काल आपण थांबलो. नेमकी तेव्हाच सोजरबाईनं जेवायला हाक मारली. बायको हाक मारते तेव्हा गोष्ट पुरी करत बसणारा नवरा उपाशी राहतो, म्हणून उठलो. आज पोट भरलंय, सावकाश सांगतो; आणि काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागून येतो.

मी खंडू, मोशीचा. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो आणि पुढचं आयुष्य भोसरीत लेथपुढं उभं राहून काढलं. दीक्षा माझी नात, थोरल्या मुलाची. तळवड्याला आयटी पार्कात एका कंपनीत कामाला आहे. कंपनी म्हणजे एवढी लहान, की चहाचा कप ज्याचा त्यानं विसळायचा.

या पोरीची लहानपणापासून एक खोड. न येणाऱ्या गोष्टीला येतं म्हणायची नाही. शाळेत एकदा साहेब तपासणीला आले. हिला उभं केलं आणि म्हणाले, एकोणीसचा पाढा म्हण. ही म्हणते, “एकोणीसचा अजून यायचाय. अठराचा म्हणू का?” साहेब हसले, गुरुजी लाल झाले. पण साहेबांनी अठराचा म्हणवून घेतला आणि हिनं तो न अडखळता म्हटला. ही गोष्ट मी गल्लीत इतक्यांदा सांगितली आहे, की मी तोंड उघडलं की विक्की वाणी दुकानातनंच ओरडतो, “आबा, अठराचा ना? झाला कालच!”

आता कस्तुरा. कस्तुरा मूळची हिंगोलीकडची, एकटी बाई. आमच्या पुढच्या खोलीत कितीतरी वर्षं भाड्यानं राहिली. सून पहिल्या शिफ्टला जायची, तेव्हा दीक्षाच्या वेण्या कस्तुराच घालायची. इतक्या घट्ट, की पोरीच्या भुवया वर चढायच्या. पुढं आम्ही त्या खोल्या पाडून वर मजले चढवले आणि कस्तुरा नदीपलीकडं, चिंबळीच्या अंगाला राहायला गेली. काम चाकणला, मोटारीत ज्या वायरी असतात ना, त्यांचे जुडगे बांधायच्या लाइनवर. काम ठेकेदाराचं. तिथला नियम असा, की गेट बंद झाल्यावर जो येईल त्याची हजेरी नाही, आणि एका आठवड्यात तीनदा तसं झालं की ठेकेदार गेटपास काढून घेतो. पास गेला म्हणजे काम गेलं. म्हणून कस्तुरा इतकी वर्षं तांबडं फुटायच्या आत उठून चालत हायवेच्या नाक्यावर जायची आणि मोशीहून पूल ओलांडून येणारी कंपनीची बस तिथं धरायची. कधी चुकली नाही.

मग त्या चाकणच्या कंपनीनं ठरवलं, की मोशीतल्या लोकांना बस गल्लीत जाऊन घेईल. बाकीच्यांनी हायवेला यावं. ज्यानं त्यानं फोनमध्ये आपला पत्ता टाकायचा, मग कोण मोशीतला आणि कोण बाकीचा, हे मेसेज येऊन कळेल. आणि ते ठरवणारा प्रोग्राम करायचं काम कुणाकडं आलं? आमच्या दीक्षाकडं! मी तर हवेतच. येईल-जाईल त्याला थांबवून सांगायचो, “आमची दीक्षा आता गावाला कुंपण घालतेय, कॉम्प्युटरमधी.”

ते कुंपण कसं घालतात हे मी तिच्या शेजारी बसून बघितलं. डेटाबेस म्हणून एक असतो. मला समजलं ते असं, की ते एक भलंमोठं कपाट. प्रत्येक खणात एकाच जातीची वस्तू: या खणात नावं, त्या खणात तारखा, त्या खणात आकडे. आणि काही खण आकारांचे. ठिपका, रेघ, चौकोन, आणि हवे तितके कोन असलेला वाकडातिकडा आकार, त्याला बहुकोन. तिच्या ऑफिसातला डेटाबेस जुना. चालतोय ना, मग कशाला हात लावा, म्हणून वर्षानुवर्षं तसाच ठेवलेला.

दीक्षानं आधी नदीची रेघ ओढायची म्हटली. रेघेच्या या अंगाला मोशी, त्या अंगाला बाकीचे. रेघेचा खण कपाटावर लिहिलेला होताच. तिनं रेघ आत टाकली तर डेटाबेस म्हणाला, हा प्रकार अजून तयार झालेला नाही.

मी म्हटलं, “म्हंजी? पाटी हाय आन् माल न्हाई?”

“तसंच आबा. करणाऱ्यांनी नाव लावून ठेवलं आणि काम अर्धवट राहिलं.”

“तुझ्या एकोणीसच्या पाढ्यागत!”

तेव्हा ती हसली होती. खूप हसली. म्हणाली, “निदान सांगतो तरी, येत नाही म्हणून.”

मग तिनं बहुकोन काढला. इंद्रायणी आमच्याकडं वळसा घेते, आणि वस्ती तिच्या कडेकडेनं कोयत्याच्या पात्यासारखी वाकलेली. दीक्षानं कोनाला कोन जोडत हुबेहूब ते पातं काढलं. डेटाबेसनं ते गपगुमान ठेवून घेतलं, तक्रार नाही. मग तपासणी. मी म्हटलं, आपलं घर घाल. घातलं, आत. विहार घाल, आत. शाळा, विक्कीचं दुकान, तिच्या आत्याचं घर, सगळं आत. प्रत्येक वेळेला मी टाळी वाजवायचो. ऑफिसातही तेच झालं. जो तो आपल्या माणसाचं घर घालून बघत होता, आणि आपलं माणूस मोशीतलंच. बाहेरचं घर कुणी घालून बघितलंच नाही. बाहेरच्याला आत आहेस का म्हणून कोण विचारतं?

झालं, मेसेज गेले. कस्तुरालाही आला: गाडी तुमच्या दारापाशी येईल. ती बिचारी दारापुढच्या दगडावर डबा घेऊन बसली. गाडी आली नाही. यायची कशी? ड्रायव्हरला रस्ता नेमून दिलेला. मोशीच्या गल्ल्या, हायवे, पूल, सरळ चाकण. चिंबळीच्या अंगाला वळायचं त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

कस्तुरानं दीक्षाला फोन केला. मी शेजारीच बसून लसूण सोलत होतो.

“दीक्षा, गाडी आली न्हाई की बाई. नाक्यावर जाऊ का उद्या?”

“थांबा मावशी, बघते.” तिनं लॅपटॉपवर बोटं चालवली. “नाही मावशी, तुम्ही आत आहात. इथं स्पष्ट दिसतंय. आज पहिला दिवस होता, काहीतरी गडबड झाली असेल. उद्या जागेवरून हलू नका.”

कस्तुराच्या शेजारच्या खोल्यांतल्या पोरांनाही तोच मेसेज आला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेसेजला शिव्या घातल्या आणि हायवेकडं पळ काढला. जाताना एक जण ओरडला, “ओ मावशी, चला की! गाडीबिडी काय येत नसती!”

कस्तुरा म्हणाली, “येती की रे. आमच्या दीक्षानं सांगितलंय.”

तिसऱ्या दिवशीही ती बसली. गेटवर पोचली तोवर गेट बंद झालेलं, आदल्या दोन दिवसांसारखंच. ठेकेदाराच्या माणसानं पास मागून घेतला.

संध्याकाळी ती आमच्याकडं आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. तिनं फोन दीक्षापुढं धरला आणि म्हणाली, “बघ बरं माय, माझंच काय दाबायचं चुकलं का?”

दीक्षानं नकाशा उघडला. नदीची निळी पट्टी, या अंगाला आम्ही, आणि पार त्या अंगाला कस्तुराच्या घराचा लाल ठिपका. लहान पोरालाही दिसलं असतं. मला चष्मा नसताना दिसलं. खाली डेटाबेसनं लिहिलेलं, आत.

दीक्षानं ठिपका मोठा करून बघितला, ठिपका तिथंच. कस्तुराला चहाही विचारायचा राहिला. सोजरबाईनंच ठेवला.

पोरगी मग त्या डेटाबेसची माहिती पुन्हा वाचत बसली. वाचता वाचता थांबली आणि कपाळावर हात ठेवून राहिली. मी विचारलं तर सांगितलं. बहुकोन हा खणसुद्धा अर्धवटच होता. आकार तो नीट ठेवायचा, पण ‘हे घर यात आहे का’ असं विचारलं की बहुकोन बघायचाच नाही. त्याच्या चहूकडून एक चौकोन कल्पायचा आणि चौकोनात असलं की म्हणायचा, आत. कोयत्याच्या पात्याभोवती चौकोन काढा. पात्याच्या पोटात जी पोकळी राहते, तीही चौकोनात येते. त्या पोकळीत नदी होती आणि नदीपलीकडं कस्तुरा.

मला ते समजलं याचाच इतका आनंद झाला, की मी मांडीवर थाप मारली. “आगं, ही तर खरेदीखतातली चतुःसीमा! आपल्या भैरू भोईरचं रान आठवतंय? ओढ्यासंगं वाकडं गेलेलं. खतात लिवलं काय, तर पूर्वेस वाट, पश्चिमेस अमक्याचं रान, दक्षिणेस पाणंद, उत्तरेस गायरान. त्या चार हद्दींच्या आत शेजाऱ्याचा आंबा बी येत व्हता! भैरूनं एक साल आंबं उतरवलं आन् शेजारी काठी घेऊन आला. भैरू झाडावरनंच म्हणतो, मी कागदात हाय! शेजारी म्हणतो, खाली ये, तुला कागदात गुंडाळतो!”

मी एकटाच हसलो.

दीक्षा म्हणाली, “आबा, तिथं लिहिलेलं होतं. चौकोनावरून ठरवतो म्हणून, खाली बारीक अक्षरात. मी ते सुरुवातीलाच वाचलं होतं.”

“मग?”

“मला वाटलं, आपलं गाव काय एवढं वाकडं असणार आहे. दुसऱ्या दिवशी सरांना दाखवायचं होतं.”

चहाचा चोथा टाकायला म्हणून मी बाहेर गेलो. तिथं जरा उभाच राहिलो. त्या डेटाबेसला एकोणीसचा येत नव्हता, आणि विचारल्यावर तसं न सांगता त्यानं अठराचाच म्हणून दाखवला होता. पण डेटाबेसला काय लाज? त्याला कुणी उभं करून विचारत नाही. पोरीला मात्र विचारलं होतं, फोन करून, ‘नाक्यावर जाऊ का’ म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेली, तेव्हा मला वाटलं आता होईल सगळं सुरळीत. संध्याकाळी आली ती जेवायला बसेना. सोजरबाईनं भाकरी पुढं केली तर म्हणाली, “आज्जी, मी आज खोटं बोलले.”

झालं होतं असं. तिचा साहेब ज्योतीराम, माणूस वाईट नाही. दिवाळीला घरी आला होता, माझ्या दोन गोष्टी पुऱ्या ऐकून गेला. पण चाकणचं काम हातचं जाईल म्हणून त्याला घाम फुटला. तो म्हणाला, “आपली चूक म्हटलं की संपलं दीक्षा. ठेकेदाराच्या माणसाला फोन लाव, सांग कामगारांनी फोनमध्ये पत्ता चुकीचा टाकला. चूक आपण गुपचूप दुरुस्त करू. कुणाचं काही जात नाही.”

आणि तिनं फोन लावला. तिनंच. सांगितलं, कामगारांनी पत्ता चुकीचा टाकला.

सोजरबाईची भाकरी तशीच हातात. “म्हंजी कस्तुराला खोटी पाडलीस?”

“हो.”

“आन् ती इचारती, माझंच दाबायचं चुकलं का.”

“हो आज्जी.”

“व्हय म्हणतीया नुसती! तिनं तुझ्या डोस्क्यातल्या उवा काढल्यात गं.”

मी मध्ये पडायला गेलो, म्हटलं, साहेबाचं ऐकावं लागतं, नोकरी आहे. तर माझ्यावरच उलटली, “तुमी गप बसा. तुमच्या टाळ्यांनीच झालंय समदं.” मी गप बसलो. माझं गप बसणं किती अवघड, ते तुम्हाला ठाऊक आहे.

दीक्षा त्या दिवसानंतर मागच्या गल्लीनं ऑफिसला जायला लागली. पुढून गेलं की विक्कीच्या दुकानापाशी कुणीतरी म्हणायचंच, “काय मॅडम, आमच्या दारात गाडी बरोब्बर येती बरं का!” कौतुकानं म्हणायचे, पण तिला ते चाबकासारखं लागायचं. कस्तुराचा फोन आला तरी उचलायची नाही. वाजून वाजून बंद व्हायचा आणि ही पडद्याकडं बघत बसायची.

शेवटी एका सकाळी ओढणी बांधली, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाली, “आबा, चला. चाकणला जायचंय. एकटीनं गेले तर अर्ध्या वाटेतनं परत येईन.”

मग काय, मी मागं बसलो. पुलावर ट्रकांची रांग, चाकणच्या चौकात तर गाडीच्या चाकापेक्षा माणसाची जीभ जास्त फिरते. मी तिला कंपनीत आमचा संप झाला होता तेव्हाची गोष्ट सांगत होतो. ती हं हं करत होती. सिग्नलला एकदम म्हणाली, “आबा, आज नको ना.” मी थांबलो.

ठेकेदाराच्या ऑफिसात रंगराव म्हणून मुकादम. टेबलावर कमरेचे पट्टे, हातमोजे, हेल्मेटं पडलेली. दीक्षानं नाव सांगितलं तसा तो म्हणाला, “अरे, तुमीच ना ती फोनवाली मॅडम? आवाज वळखला. बसा. झालं ना ते? लोकांनी पत्ता चुकवला म्हणलात.”

ती बसली नाही. “ते मी खोटं सांगितलं. लोकांचं काही चुकलं नव्हतं. नदीपलीकडच्यांना मेसेज गेले ती चूक माझ्या कामातली होती.”

रंगरावानं हेल्मेट बाजूला सारलं. “मॅडम, हे तुमच्या सायबाला म्हायती हाय का?”

“नाही. इथून गेल्यावर सांगणार आहे.”

“आन् बाकीची पोरं बोंबलत आली हायवेवर. ती कस्तुराच का बसून राहिली? तीन दिवस?”

दीक्षा म्हणाली, “मी तिला फोनवर सांगितलं, हलू नका म्हणून.”

रंगराव माझ्याकडं बघायला लागला, मी पंख्याकडं. लेथवर असताना एकदा अख्खा माल भंगारात गेला, तेव्हाही मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी घातली.

तो म्हणाला, “पास देतो परत. त्यात काय न्हाई. पण बाई, लाइनवर तिची जागा भरली. दुसरी पोरगी बसली तिथं, तिला उठवू का आता? पॅकिंगला घेतो. दुसरी शिफ्ट.”

“तिला पहिलीच शिफ्ट लागते. दुसरी सुटल्यावर रात्री नाक्यावरून एकटीनं चालत घरी जावं लागेल.”

“मग मला आधी सांगायचं व्हतं. तवा तुमी पत्त्याचं सांगत व्हता.”

त्यानं टेबलाच्या खणातनं पास काढून पुढं टाकला, तिनं तो उचलला.

तिथून ती थेट तळवड्याला गेली. ज्योतीराम चिडला, ओरडला. ‘मला विचारायचं तरी,’ असं चारचारदा म्हणाला, आणि मग म्हणाला, केलंस ना, आता तूच निस्तर. काम हातचं गेलं नाही. पण चाकणच्या कंपनीपुढं बोलायला तो आता दीक्षाला नेत नाही.

तिनं निस्तरलं कसं, ते ऐका. त्या डेटाबेसला चौकोन तेवढा पक्का येत होता. मग तिनं त्या पात्याचे तुकडे केले. लहान लहान चौकोन, कडेला कड लावून, सोजरबाईच्या गोधडीसारखे, नदीच्या काठाकाठानं. काठावर कुठं कुणाचं घर आहे हे बघायला आम्ही दोघं पायी फिरलो. प्रत्येक घराशी मला एक गोष्ट आठवत होती आणि ती या वेळेला ऐकत होती. पुढच्या तपासणीला तिनं आपलं घर घातलंच नाही. आधी पलीकडची घरं घातली, एकेक करून. पहिलं कस्तुराचं.

पास घेऊन आम्ही कस्तुराकडं गेलो. तोच दगड, तीच दारापुढची जागा. कस्तुरा तांदूळ निवडत होती. दीक्षानं पास तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं: बारीक अक्षरातली ओळ, फोन, खोटं, गेलेली जागा, दुसरी शिफ्ट. मी मध्ये एक अक्षर बोललो नाही. सोजरबाईनं निघताना तशी शपथच घातली होती.

कस्तुरानं पासावरचा आपला फोटो अंगठ्यानं पुसला. पास सुपाशेजारी ठेवून ती पुन्हा खडे वेचायला लागली. मग म्हणाली, “पॅकिंगला उभं राहून काम असतंय. माझे गुडघे हायत असले.”

दीक्षानं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

“पन जाते की. काय करतीस.” कस्तुरानं सूप खाली ठेवलं. “दीक्षा, एक सांग बरं. आता तुझा तो कॉम्प्युटर काय म्हनतो? मी आत हाय का बाहेर?”

दीक्षानं फोन काढला नाही. बघायची गरज नव्हती. ती जे बोलली ते मी माझ्या पदरचं एक अक्षर न घालता सांगतो:

“बाहेर, मावशी. त्या दिवशीही बाहेरच होता तुम्ही. मला माहीत होतं तुम्ही नदीपलीकडं राहता. तरी मी आत म्हणाले.”